पडायला शिकवताना : नवशिक्यांच्या ज्युदो वर्गाच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ जून २०२४

आजपासून नवशिक्यांचा वर्ग माझ्याकडे आला. सरांच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाल्या आणि डॉक्टरांनी त्यांना मॅटवर उतरायला कायमची मनाई केली. तेवीस वर्षांपूर्वी खो-खोच्या संघात जागा मिळाली नाही म्हणून रडवेली होऊन मी ज्या दालनात शिरले होते, त्याच दालनाची किल्ली त्यांनी शनिवारी माझ्याकडे दिली. सोबत दोन कामे सांगितली. पहिले, दसऱ्यापर्यंत सोळा आठवड्यांचा वर्ग पूर्ण करायचा. दुसरे, तो शिकवत असतानाच त्याचा लेखी अभ्यासक्रम तयार करायचा. सरांनी स्वतः हजेरी आणि फी यांखेरीज वहीत कधी काही लिहिले नाही, त्यामुळे जे काही लिहायचे ते मला माझ्या अंगात मुरलेल्या सवयींतून उकरून काढावे लागणार आहे.

पटावर सतरा मुले आहेत : नऊ मुली आणि आठ मुलगे, वय दहा ते चौदा. मॅट चोवीस आहेत, प्रत्येक दोन मीटर बाय एक मीटरची. म्हणजे आठ बाय सहा मीटरची जागा होते. स्पर्धेसाठी किमान आठ बाय आठ मीटर लागते आणि भोवतीची सुरक्षित पट्टी वेगळी, पण आपल्याला स्पर्धा भरवायची नाही. सतरा जण एकाच वेळी पडले तर एकमेकांवर आदळतील, म्हणून तीन गट केले आहेत. एक गट पडेल, दुसरा पकडीचा सराव करील आणि तिसरा कडेला बसून बघेल. बघण्याचा गट हा विश्रांतीचा गट नाही, हे मुलांना पटवायला काही आठवडे लागतील.

बुधवार, ५ जून

मॅट सरकतात आणि दोन मॅटमध्ये बोटभर फट पडते. त्या फटीत पायाचे बोट अडकले की ते मुरगळलेच म्हणून समजावे. सुताराला बोलावून भोवती लाकडी चौकट ठोकायचे ठरले. पट्ट्या मॅटच्या उंचीपेक्षा खाली राहतील आणि त्यांवर रबर चिकटवले जाईल. नखे कापून येण्याची सूचना फळ्यावर लिहिली.

सोमवार, १० जून

पडण्याचा पहिला धडा आज दिला. ज्युदोत याला उकेमी म्हणतात, पण मी मुलांसमोर शक्यतो ‘पडणे’ हाच शब्द वापरते, कारण परका शब्द ऐकला की मुलांना ती काहीतरी कसरत वाटते आणि ती अंग ताठ करतात.

क्रम असा ठेवला. आधी पाठीवर झोपून दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, साधारण तीस ते चाळीस अंशांच्या कोनात, तळव्यासह पूर्ण बाहूने मॅटवर मारायचे. मग उकिडवे बसून मागे लवंडायचे. उभ्याने मागे पडणे तिसऱ्या आठवड्याआधी नाही. हात मारण्यामागचे कारणही सांगितले, कारण कारण कळले नाही तर मुले केवळ आवाज काढतात. अंगाला बसणारा हिसका बाहू आणि पाठ यांच्या मोठ्या पृष्ठभागावर पसरावा आणि हात मागे टेकवून कोपर किंवा मनगट मोडण्याची उपजत सवय सुटावी, हा त्याचा हेतू आहे. श्वास रोखून धरायचा नाही; पडतानाच सोडायचा.

या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची हनुवटी. मागे पडताना ती छातीकडे खेचलेली नसेल तर मानेला झटका बसून डोके मागे फेकले जाते. ‘स्वतःच्या पट्ट्याची गाठ बघत पडा’ ही सरांची जुनी सूचना मी दिली आणि सतरांपैकी जेमतेम सहा जणांना ती जमली. बाकीची मुले पडण्याच्या ऐन क्षणी छताकडे बघत होती. वर्ग संपताना मी प्रत्येकाला हातरुमालाची घडी करून हनुवटीखाली धरायला लावली. रुमाल खाली पडला की ते पडणे मोजायचे नाही. शेवटच्या दहा मिनिटांत बारा जणांचे रुमाल टिकले. ही युक्ती मी कुठे वाचलेली नाही. आईला शिवताना दाताखाली दोरा धरताना पाहिले होते, बहुधा त्यातून सुचली असावी. अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर तिला जागा दिली आहे.

बुधवार, १९ जून

आज एका डावखुऱ्या मुलीने मला अडवले. ओगोशी हा कमरेवरून टाकण्याचा डाव मी तीनदा करून दाखवला, तिने तीनही वेळा लक्षपूर्वक पाहिला आणि मग शांतपणे विचारले, “ताई, पण तुम्ही नक्की काय केलंत?” मला उत्तर देता आले नाही. मी चौथ्यांदा करून दाखवला. सरांनी माझ्याबाबतीत हेच केले असते.

ज्युदोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांच्याबद्दलही अशीच आठवण सांगितली जाते. १८७७ मध्ये ते तेन्जिन शिन्यो परंपरेतील फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे जुजुत्सू, म्हणजे ज्युदोच्या आधीची जपानी झुंजकला, शिकू लागले, तेव्हा एकदा त्यांनी डावात हात-पाय नेमके कसे ठेवायचे असे विचारले. गुरूंनी त्यांना फेकले. पुन्हा विचारले, पुन्हा फेकले. आणि असे अनेकदा झाल्यावर, हे सांगून कळत नाही, वारंवार केल्यानेच येते, अशा अर्थाचे काहीतरी सुनावले. ही आठवण आम्हा ज्युदोवाल्यांत कौतुकाने सांगितली जाते. तिचा पुढचा भाग मात्र मला अधिक मोलाचा वाटतो. कानो तिथे थांबले नाहीत. पुढे त्यांनी किटो परंपरेचे शिक्षण घेतले, १८८२ मध्ये तोक्योतील एइशोजी या मंदिरात बारा ताटामींच्या (गवती चटयांच्या) जागेत कोदोकान ही आपली ज्युदो शाळा सुरू केली आणि प्रत्येक डावाचे तीन भाग करून ते शब्दांत मांडले : समोरच्याचा तोल मोडणे, त्या मोडलेल्या तोलाखाली आपली जागा घेणे, आणि मगच डाव पुरा करणे. जपानी शब्द कुझुशी, त्सुकुरी आणि काके असे आहेत. स्वतःला मिळाले नव्हते तेच उत्तर त्यांनी विद्यार्थ्यांना देऊ केले.

मी मात्र फुकुदांच्या पद्धतीने शिकले. २००१ साली सर मला उचलून टाकत आणि मी उठून पुन्हा बाही पकडत असे. सहा महिन्यांनी एके दिवशी माझ्या हातून डाव झाला आणि तो कसा झाला हे मला कळले नाही. कळले नाही, म्हणूनच आज सांगता आले नाही.

रात्री आरशासमोर ओगोशी अगदी सावकाश केला आणि भाग लिहून काढले. बाही धरलेला हात असा वर आणि बाहेर खेचायचा, की मनगटावर घड्याळ असते तर त्यात किती वाजले हे दिसावे. पाऊल समोरच्याच्या पावलांच्या आत, चवड्यावर वळायचे. गुडघे त्याच्या गुडघ्यांपेक्षा खाली. कंबर त्याच्या कमरेखाली, आणि तीही थोडी पलीकडे निघालेली. यांतली शेवटची गोष्ट मी गेली वीस वर्षे करीत आले आहे आणि ती करते हे मला आज रात्री समजले.

शुक्रवार, २१ जून

डावखुऱ्या मुलीला घड्याळाची सूचना दिली. अर्थात तिच्यासाठी उजव्या मनगटावरचे घड्याळ. दुसऱ्या प्रयत्नात जमले.

शुक्रवार, २८ जून

ओसोतोगारीवरून मोठ्या मुलांचा वर्ग घेणाऱ्या सहकाऱ्याशी मतभेद झाला. समोरच्याच्या पायामागे आपला पाय नेऊन, त्याला सरळ मागे झुकवून, तो पाय झाडून काढायचा असा हा डाव आहे. दिसायला सोपा, मुलांना आवडणारा, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्याच महिन्यात शिकवला जाणारा. सहकाऱ्याचा मुद्दा निराधार नाही. १८९५ मध्ये तयार झालेल्या आणि १९२० मध्ये सुधारलेल्या गोक्यो या चाळीस डावांच्या मालिकेत आठ-आठ डावांचे पाच गट आहेत आणि ओसोतोगारी पहिल्याच गटात येतो. ‘कानोंनी पहिल्या गटात घातलेला डाव तू दहाव्या आठवड्यानंतर ढकलतेस, म्हणजे तू स्वतःला कोण समजतेस?’ असे तो हसत म्हणाला, पण पूर्णपणे हसत नव्हता.

माझे कारण मी त्याला अर्धेच सांगितले. येथे पूर्ण लिहिते. कमरेवरून टाकलेला माणूस टाकणाऱ्याच्या समोर, कुशीवर उतरतो आणि टाकणाऱ्याच्या हातात त्याची बाही असल्याने शेवटच्या क्षणी त्याला वर ओढून वाचवता येते. ओसोतोगारीत माणूस सरळ मागे जातो, टाकणाऱ्याचे वजनही त्याच दिशेने येते आणि पडणाऱ्याची हनुवटी सैल असेल तर डोक्याचा मागचा भाग मॅटवर आपटतो. जपानमधील शालेय ज्युदोतील गंभीर अपघातांचा अभ्यास झाला, तेव्हा डोक्याला इजा झालेल्यांत पहिल्या वर्षाची मुले मोठ्या प्रमाणात आढळली आणि कारणीभूत डावांत ओसोतोगारी वारंवार दिसला. वैद्यकीय कारणही समजण्यासारखे आहे. डोके एकदम फिरले किंवा थांबले की मेंदू कवटीच्या आत मागे राहतो आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक शिरा ताणून फुटू शकतात. त्यासाठी डोके जोराने आपटलेच पाहिजे असे नाही.

न सांगितलेले अर्धे कारण असे. २०१० मध्ये, काळा पट्टा मिळून वर्षही झाले नव्हते, तेव्हा सर एका स्पर्धेला गेले असताना मी आठ दिवस वर्ग सांभाळला. वर्गात येऊन दुसराच आठवडा झालेल्या एका मुलावर मी ओसोतोगारी करून दाखवला. माझा डाव स्वच्छ होता. मला त्या वयात तेवढेच दिसत होते. मुलाचे डोके मागे आपटले, तो उठला, हसला, घरी गेला आणि रात्री त्याला उलट्या झाल्या. दोन दिवसांनी तो बरा झाला, पण वर्गाला पुन्हा आला नाही. त्याच्या वडिलांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, उलट ‘खेळ म्हटला की चालायचंच’ असे म्हणाले, आणि मी ते वाक्य बरीच वर्षे स्वतःच्या बचावासाठी वापरले.

नियम लिहिला : रुमाल न पडता सलग वीस वेळा उभ्याने मागे पडून दाखवल्याशिवाय कोणाही मुलावर ओसोतोगारी केला जाणार नाही, मग तो कितव्या आठवड्यातला असो.

शुक्रवार, १२ जुलै

हजेरी तेरा. दोघांचे शिकवणीचे तास बदलले, एकाचे घर बदलले, एकीच्या आजीला मुलीच्या जातीने लोकांना उचलून आपटणे पसंत नाही. पहिल्या तिघांसाठी मला काही करता येणार नाही. आजींना भेटायला रविवारी जाईन.

सोमवार, १५ जुलै

आजींकडे जाऊन आले. त्यांना वर्णने ऐकवून उपयोग नव्हता, म्हणून एक गोष्ट सांगितली. कानोंचे ते पहिले गुरू फुकुदा, त्यांची नात केइको १९३५ मध्ये कोदोकानच्या महिला विभागात दाखल झाली. उंची पाच फुटांच्या आत, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. स्त्रियांना पाचव्या दानाच्या, म्हणजे काळ्या पट्ट्यातील पाचव्या पायरीच्या, वर पदवी द्यायचीच नाही असा तेव्हा रिवाज होता, आणि या बाई त्या पाचव्या पायरीवर अनेक वर्षे थांबल्या. सहावी दान १९७२ मध्ये मिळाली. पुढे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला शिकवत राहिल्या आणि २०११ मध्ये वयाच्या अठ्ठ्याण्णवव्या वर्षी तेथील ज्युदो संघटनेने त्यांना दहावी दान दिली. आजींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “लग्न केलं होतं का बाईनं?” केले नव्हते; लग्न करायचे तर ज्युदो सोडावे लागले असते. हे मी खरे तेच सांगितले आणि माझी बाजू तिथेच पडली.

मुलगी तरीही आज आली. आईने पाठवले.

शुक्रवार, २६ जुलै

वर्ग नाही. कृष्णेचे पाणी चढते आहे आणि सांगलीत ज्यांनी ऑगस्ट २०१९ पाहिला आहे, ते पाणी घराशी येण्याची वाट बघत नाहीत. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती आणि दालनातील जुने मॅट चार दिवस पाण्यात होते. आतला फोम स्पंजासारखा फुगला, वास गेलाच नाही, शेवटी सगळे टाकून द्यावे लागले. आज मोठ्या वर्गातील पोरांनी आणि दोन पालकांनी मिळून चोवीस मॅट जिन्याने वर नेले. चौकट तशीच राहिली. ती भिजली तर भिजली.

सोमवार, ५ ऑगस्ट

पाणी ओसरले, मॅट खाली आले. जंतुनाशकाने पुसून, दारे उघडी ठेवून दिवसभर वाळवले, तरी हवेत दमटपणा आहेच.

शुक्रवारी पॅरिस ऑलिंपिकमधील तुलिका मानची लढत मुलांनी मोबाइलवर पाहिली होती आणि आज ती जरा हिरमुसलेली होती. भारताची या वेळची ज्युदोतील ती एकटीच खेळाडू. ७८ किलोवरील गटात पहिलीच लढत क्युबाच्या इदालिस ऑर्तिझशी आणि अठ्ठावीस सेकंदांत इप्पोन, म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण, ऑर्तिझला. एका मुलाने विचारले, इतक्या लवकर हरायचे होते तर एवढ्या लांब जायचे कशाला.

यावर भाषण देण्याचा मोह आवरला. त्याऐवजी हिशेब मांडला. ऑर्तिझकडे २००८ पासून सलग चार ऑलिंपिकमधील चार पदके आहेत, त्यांत २०१२ चे सुवर्ण. तुलिकाकडे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्य. ज्युदोत गुणांची बेरीज करीत बसावे लागत नाही. वेगाने, जोराने आणि नियंत्रण ठेवून समोरच्याला पाठीवर टाकले की लढत त्या क्षणी संपते, मग चार मिनिटांपैकी कितीही उरलेली असोत. अठ्ठावीस सेकंद ही या खेळातील नेहमीची घटना आहे. मग मुलांना जोडीजोडीने उभे करून अठ्ठावीस सेकंद फक्त पकडीसाठी झटापट करायला लावली. सगळी धापा टाकू लागली. त्यानंतर तो प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही.

मला स्वतःला माझी पहिली राज्य शालेय स्पर्धा आठवली. तिथे मी अकरा सेकंद टिकले होते.

बुधवार, १४ ऑगस्ट

पुढच्या परीक्षेसाठी मोठ्या वर्गाच्या दोन मुलींना नागे-नो-काता, म्हणजे टाकण्याच्या डावांचा ठरावीक क्रम, दाखवायचा होता, त्यात नवशिक्यांनाही बघायला बसवले. पंधरा डाव, पाच गटांत तीन-तीन, प्रत्येक डाव उजवीकडून आणि डावीकडून, ठरलेल्या पावलांनी. मुलांना हा प्रकार कंटाळवाणा वाटेल असे धरून चालले होते, पण तिसरा डाव आला आणि मागून कोणीतरी ओरडले, “अरे, कलाजंग!”

मुलगा तालमीतल्या घरातला आहे आणि त्याचे बरोबर आहे. काता-गुरुमा म्हणजे समोरच्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घेऊन टाकणे. आपल्या लाल मातीत त्यालाच कलाजंग म्हणतात. २००९ मध्ये माझ्या काळ्या पट्ट्याच्या परीक्षेची तयारी चालली होती, तेव्हा आजोबांनीही अंगणात बसून हेच म्हटले होते. आजोबा तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत होते. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेल्या मातीचा वास त्यांना साठ वर्षांनंतरही ओळखता येई. मी जपानी नाव सांगितल्यावर त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिले आणि म्हणाले, “नाव काही का असेना, तुझी मान चुकीच्या बाजूला आहे.” ती खरोखरच चुकीच्या बाजूला होती. आठवडाभर बासष्ट किलोच्या मैत्रिणीला खांद्यावर घेऊन मी अंगणात उठाबशा काढल्या आणि परीक्षेत तो डाव निभावला.

या डावाची मूळ कथा मुलांना सांगितली. तरुण कानोंना फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड सहाध्यायी सतत हरवत असे. त्यांनी आधी सूमोच्या डावांत उपाय शोधला, तो चालला नाही. मग ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीचे पुस्तक काढले आणि त्यात खांद्यावर उचलण्याचा हा प्रकार त्यांना सापडला. गंमत अशी की २०१० पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पायाला हात घालण्यावर बंधने आली आणि २०१३ मध्ये ती पूर्ण झाली, त्यामुळे कातामध्ये करतात तसा, मांडीला हात घालून केलेला काता-गुरुमा आज लढतीत चालत नाही. लढतीत बाद ठरलेली वस्तू परीक्षेसाठी जपून ठेवल्यासारखे हे झाले आहे. सरांना हा नियम कधीच पटला नाही. मला तो पटतो, पण वाईट वाटते.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

पालकांची बैठक. अपेक्षित दोनच विषय निघाले : पट्टा कधी आणि स्पर्धा कधी. दहावीला मिळणारे खेळाचे वाढीव गुण, शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण, हे सगळे पालकांना माझ्यापेक्षा नेमके माहीत असते आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. आमच्यासारख्या घरांत खेळाने काहीतरी हाताला लागावे ही अपेक्षा रास्त आहे. माझ्याही वडिलांनी तीच धरली होती.

मी एवढेच सांगितले की या सोळा आठवड्यांत स्पर्धा नाही. जपानच्या ज्युदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली, कारण मोठी माणसे जिंकण्याच्या नादाला लागून मुलांवर आणि पंचांवर ओरडू लागली होती. एका गृहस्थांनी लगेच सुनावले की जपानला पदके भरपूर आहेत, त्यांना परवडते. बैठकीतले सर्वांत चांगले वाक्य हेच होते आणि मला त्यावर उत्तर सुचले नाही.

पट्ट्यांबद्दल मात्र ठाम राहिले. कानोंच्या सुरुवातीच्या काळात पांढरा आणि काळा एवढेच होते. रंगांची लांब शिडी पुढे युरोपात रुळली. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पदवीला शोदान म्हणतात आणि त्यातील ‘शो’ म्हणजे आरंभ. मी २००९ मध्ये तो पट्टा बांधला तेव्हा आपण पोचलो असे मला वाटले होते, आणि पुढच्याच वर्षी त्या मुलाचे डोके मॅटवर आपटले. हे दुसरे वाक्य पालकांना सांगितले नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

गणपतीचे दहा दिवस दालन मंडळाच्या सामानाला दिले होते. कालच विसर्जन झाले आणि मॅटच्या फटींतून अजून गुलाल निघतो आहे. दोन आठवडे बुडाले. मुले पडणे विसरली असतील अशी भीती होती, म्हणून सगळे सोडून रुमालाची चाचणी घेतली. चौदा उपस्थितांपैकी अकरा जणांचा रुमाल सलग वीस वेळा टिकला. त्या अकरांना ओसोतोगारीचा पहिला भाग दिला : जाड गादीवर, जागेवर उभे राहून, पाय न झाडता फक्त तोल मागच्या कोपऱ्याकडे नेऊन थांबायचे आणि परत आणायचे. टाकणाऱ्याने दोन्ही हातांची पकड शेवटपर्यंत सोडायची नाही आणि स्वतः खाली जायचे नाही.

उरलेल्या तिघांत वर्गातील सर्वांत वजनदार मुलगा आहे. त्याला पडण्याची भीती वाटत नाही. आपण पडल्यावर दालन हादरते आणि सगळे हसतात, याची त्याला भीती वाटते. त्याला म्हटले, मी पडते, तू मोज. वीस वेळा पडले. छत्तीसाव्या वर्षी उभ्याने वीस वेळा मागे पडल्यावर काय होते ते रात्री कंबरेने सांगितले.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

गेल्या दोन आठवड्यांत मी डाव करून दाखवणे जवळजवळ थांबवले आहे. दाखवायचा तेवढा एकदा दाखवते आणि मग मुलांसाठी स्वतः पडते. एका संध्याकाळी पन्नास-साठ वेळा. हे तंत्र म्हणून ठरवले नव्हते. वजनदार मुलाबरोबर झालेल्या प्रकारानंतर लक्षात आले, की डाव चुकतो कुठे हे बाहेरून बघून जितके कळते त्याहून कितीतरी अधिक त्या डावाखाली जाऊन कळते. बाही एका क्षणाने उशिरा खेचली गेली, कंबर अर्धी वीत वर राहिली, वजन टाचांवर आहे; हे सगळे माझ्या तोलाला आधी जाणवते आणि मग डोळ्यांना दिसते. सर मला टाकत असत असे मी आयुष्यभर सांगत आले, परंतु आठवणी नीट तपासल्या तर पहिल्या सहा महिन्यांनंतर ते मुख्यतः माझ्याकडून पडत असत. माझा पहिला डाव ‘झाला’ त्या दिवशी तो कितपत मी केला आणि कितपत त्यांनी योग्य क्षणी अंग सैल सोडून होऊ दिला, याचा मी आजपर्यंत विचार केला नव्हता.

वजनदार मुलाचे आज वीस पूर्ण झाले. हसले कोणी नाही. मोजत होते सगळे.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

दालनात आजोबांच्या तालमीत होत असे तशी पूजा केली : मॅटच्या कडेला फुले, चौकटीला हळद-कुंकू, भिंतीवरच्या कानोंच्या तसबिरीला झेंडूची माळ. सर काठी टेकत आले. अभ्यासक्रमाची वही, एकूण बेचाळीस पाने, त्यांनी खुर्चीत बसून तासभर वाचली. ओसोतोगारीच्या नियमाजवळ थांबले. मला वाटले आता बोलतील, पण पान उलटले. ओगोशीच्या पानावर ‘कंबर पलीकडे निघालेली’ यापुढे त्यांनी पेन्सिलीने ‘चार बोटे’ असे लिहिले. चार बोटेच असते. मी घरी जाऊन मोजले.

मग त्यांनी रुमालाबद्दल विचारले आणि प्रात्यक्षिक मागितले. डावखुरी मुलगी पुढे आली, हनुवटीखाली घडी धरली आणि मी टाकल्यावर स्वच्छ पडली. रुमाल टिकला. सर म्हणाले, “हे ठरवून पडणं झालं. बोलता बोलता टाक.” मी तिला शाळेत सहामाही परीक्षा कधी आहे असे विचारले आणि ती उत्तर देत असताना टाकले. रुमाल दोन मीटर लांब जाऊन पडला. मान मात्र आत होती. हे आम्हा दोघांनाही दिसले.

अभ्यासक्रमात जोडायचे काम : आठव्या आठवड्यापासून न सांगता पडण्याचा सराव, आधी उकिडवे बसून. नवीन तुकडी सोमवारपासून, नऊ नावे आली आहेत. रुमाल घरून आणायला सांगितले आहे. विसरणाऱ्यांसाठी तीन जादा धुऊन ठेवले.